ताशी चाळीसचा वारा : प्रस्तावना

एप्रिल लागला की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मोबाइलांवर एक ओळ फिरू लागते : मेघगर्जना, विजा आणि ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा. ओळ नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून निघालेली असते, जबाबदारीने लिहिलेली असते, आणि तरी वाचणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ताशी चाळीस हा तर मोटारसायकलचा रोजचा वेग. त्याने टिनाचे छप्पर उडेल का? एवढा वारा तासभर वाहणार की एकच झोत तेवढा येणार? भद्रावतीत येणार की पोंभुर्ण्यात? वणीच्या बाजूने की ताडोब्याच्या? उत्तरे मिळाली नाहीत की माणूस ‘येईल तेव्हा पाहू’ म्हणतो आणि अंगणात वाळत घातलेली मिरची तशीच सोडून वावरात निघून जातो.

हे पुस्तक त्या एका ओळीसाठी लिहिले आहे. वाऱ्याच्या अंदाजात तीनच गोष्टी असतात : वेग, झोत आणि दिशा. तिन्ही एकत्र वाचायच्या असतात, वेळेसकट वाचायच्या असतात आणि त्यांत आपल्या जमिनीचा हिशेब स्वतः मिसळायचा असतो. आमच्या भागात नुकसान करतात ते झोत आणि दिशेतला अचानक बदल. सरासरी वेगाने सहसा कोणाचे काही बिघडत नाही. गंमत अशी, की लोक अंदाजात सर्वांत आधी बघतात तो हा सरासरी वेगच.

मराठीत हवामानावर लेखन कमी नाही. वसंत गोवारीकरांचे सोळा घटकांचे मॉडेल 1988 मध्ये आले आणि मान्सूनचा अंदाज घरोघरी चर्चेचा विषय झाला. रंजन केळकरांसारख्या शास्त्रज्ञांनी पुढे हवामानशास्त्र सोप्या मराठीत आणले. पण बहुतेक सारे लेखन पावसाभोवती फिरते. वारा त्यात येतो तो ढगांचा हमाल म्हणून. कोकणात निदान दर्यावर जाणाऱ्यांनी खारा वारा, मतलई वारा वेगळे ओळखले. आमच्याकडे वावटळ, वादळ आणि उन्हाच्या झळा एवढ्यावर बोलणे संपते. वाऱ्यावर अडणारी कामे मात्र मोजायला बसले तर यादी लांबत जाते. मोह वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि त्यातून वणवा लागतो. तेंदूच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, पानांची पुडकी उघड्यावर वाळत असतात. वरोरा-भद्रावतीच्या कापसावर फवारणी चालते. वैनगंगेत डोंगा टाकायचा असतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा धूर आज कोणत्या वस्तीवर उतरणार हेही वाराच ठरवतो. भद्रावतीजवळ पश्चिम आणि दक्षिणेच्या विद्युतजाळ्यांना जोडणारे 1000 मेगावॅटचे एचव्हीडीसी, म्हणजे उच्चदाब एकदिश विद्युतप्रवाहाचे, केंद्र आहे. तिथून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे उभारतानाही आधी वाऱ्याचाच हिशेब मांडावा लागतो.

वाऱ्याचा अंदाज बांधण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वातचक्रावर स्वतंत्र अध्याय आहे. आषाढी पौर्णिमेला वारा कोणत्या दिशेने वाहतो यावरून पुढच्या पावसापाण्याचे भाकीत त्यात सांगितले आहे. सहदेव-भाडळीच्या नावावर खेडोपाडी चालणारे आडाखे त्याच कुळातले. अक्षय तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, तिच्या निकालाची वाट आजही अख्खा विदर्भ पाहतो. एका संध्याकाळच्या वाऱ्यावरून चार महिन्यांचे भाकीत होत नाही, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. पण या परंपरेला एक गोष्ट नीट कळली होती : दिशेला अर्थ असतो. वारा कुठून येतो यावर तो काय घेऊन येतो हे ठरते. तिच्याकडे नव्हते ते मोजमाप.

मोजमाप समुद्रावरून आले. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 मध्ये वाऱ्याची प्रतवारी लावली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. पाने सळसळतात, धूळ उडते, मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरवत नाही. ही शेवटची खूण सहाव्या प्रतीची, म्हणजे ताशी 39 ते 49 किलोमीटरची. मोबाइलवरची ती ओळ याच प्रतीबद्दल बोलत असते. चार वाट्यांचे फिरते वायुवेगमापक रॉबिन्सनने 1846 मध्ये केले. त्याची सुटसुटीत रूपे आजही वेधशाळांच्या गच्चीवर गरगरताना दिसतात. भारतीय हवामान विभाग 1875 चा. त्याचे मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्याला आले आणि 1932 मध्ये पुण्यातच कृषी हवामानशास्त्राचा विभाग उघडला. शेतकऱ्याला लागतो तो वारा आणि जहाजाला लागतो तो वारा यांत फरक आहे, हे सरकारदरबारी मान्य झाले ते तेव्हा.

आता त्या आकड्यांकडे. अंदाजातला वेग असतो जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा, मोकळ्या जागेतला आणि काही मिनिटांच्या सरासरीचा. जागतिक प्रमाण 10 मिनिटांचे आहे. या तिन्ही अटी आपल्या अंगणात जवळजवळ कधीच पूर्ण होत नाहीत. जमिनीलगत वारा घासून मंदावतो. मोकळ्या वावरात 10 मीटरवर ताशी 20 किलोमीटर असेल तर छातीच्या उंचीवर तो 13-14 भरतो, दाट वस्तीत किंवा सागवनात त्याहून कमी. म्हणून अॅपवर 20 पाहून माणूस बाहेर येतो, अंगाला साधी झुळूक लागते आणि तो म्हणतो, अंदाज खोटा.

झोताची गोष्ट उलटी. झोत म्हणजे साधारण 3 सेकंदांतला सर्वांत जोराचा वेग. मोकळ्या रानात तो सरासरीच्या दीडपट असतो; झाडे, घरे, टेकड्या यांमुळे सरासरी पडते पण झोत तेवढ्या प्रमाणात पडत नाही, त्यामुळे दोन्हींतली तफावत वाढते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि हे एक सूत्र वाचकाने या पुस्तकातून घेतले तरी पुष्कळ झाले. ताशी 40 चा वारा चौरस मीटरमागे सुमारे 8 किलोचा दाब देतो. 60 चा झोत 17 किलोचा. दहा फुटी पत्रा सव्वादोन-अडीच चौरस मीटरचा असतो, म्हणजे त्या 3 सेकंदांत त्याला चाळीसेक किलोची ओढ बसते, आणि छपराच्या कडेला ती वरच्या बाजूने असते. पत्र्याचे स्वतःचे वजन त्यापुढे काहीच नाही. तो धरून ठेवतात ते खिळे-हुक आणि वर ठेवलेले दगड. त्यातले दगड पुढे स्वतःच धोका होतात. इमारतींसाठीच्या भारतीय मानकात नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, ताशी सुमारे 158 किलोमीटर. मनोरे आणि कारखान्यांची छपरे त्या हिशेबाने बांधली जातात. घरांची बहुधा नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तर विषय सोपा होता. पण झोत दोन जातींचे असतात आणि अॅपवर दोन्ही एकाच रकान्यात दिसतात. पहिला कोरडा. मे महिन्याच्या दुपारी जमीन तापते, हवा वर उसळते आणि वरच्या थरांतला वेगवान वारा झटक्याझटक्याने खाली येतो. म्हणून सकाळी शांत असलेली हवा अकरानंतर खवळते आणि सूर्य कलला की पुन्हा निवते. हा झोत संगणकाला चांगला कळतो. त्याचा अंदाज दोन-तीन दिवस आधीही बऱ्यापैकी जमतो.

दुसरा ढगातला. उन्हाळी ढगाचा तळ आमच्याकडे उंच असतो, खालची हवा कोरडीठाक. ढगातून सुटलेला पाऊस वाटेतच वाळतो, ती हवा थंड आणि जड होते, धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. टेड फुजिता या शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात विमान अपघातांच्या तपासातून हा प्रकार उलगडला. भद्रावतीकराला तो वेगळ्या रूपात ठाऊक आहे : वर्धा नदीच्या बाजूला धुळीची भिंत दिसते, वारा क्षणभर पडतो, मग उलट दिशेने गार झोत येतो, पारा पाहता पाहता आठ-दहा अंशांनी उतरतो आणि पाऊस येतो तो त्यानंतर, कधी कधी येतच नाही. ढग अजून वीस किलोमीटर लांब असतानाही हा झोत गाठू शकतो. असा ढग नेमका कोणत्या गावावर फुटेल हे आदल्या दिवशी कोणतेही मॉडेल सांगू शकत नाही. अॅपवर झोत 35 दिसतो आणि प्रत्यक्षात 70 येतो तो अशा दिवशी. अशा वेळी अॅपचा आकडा बाजूला ठेवून हवामान खात्याचा रंग पाहायचा, पिवळा की नारिंगी, आणि दुपारनंतर दर तीन तासांचा तात्काळ इशारा.

तो इशारा रडारवर उभा असतो, आणि रडारची मर्यादा इथे सांगायलाच हवी. भद्रावती नागपूरच्या डॉप्लर रडारपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा सर्वांत खालचा किरणही इथे पोचेपर्यंत पावणेदोन किलोमीटर उंच गेलेला असतो. ढग त्याला दिसतो, जमिनीलगतचा झोत दिसत नाही. सिरोंचा तर अडीचशे किलोमीटरच्याही पलीकडे. तिथपर्यंत हा किरण आणखी कितीतरी उंच गेलेला असतो. दक्षिण गडचिरोलीला वादळाची सूचना उशिरा का मिळते याचे अर्धे उत्तर भूमितीत आहे.

दिशेबद्दल सर्वांत जास्त घोळ बाणाने केला आहे. बातमीपत्रात ‘वायव्येचा वारा’ म्हणजे वायव्येकडून येणारा. अॅपवरचा बाण बहुधा वारा जातो तिकडे टोक करतो. कृषी हवामान पत्रिकेत दिशा अंशांत छापतात : 90 म्हणजे पूर्वेकडून, 180 दक्षिणेकडून, 270 पश्चिमेकडून. एवढे पाठ केले की सिंदेवाहीहून मंगळवार-शुक्रवारी निघणारी पत्रिका एकदम बोलकी होते.

दिशेचा खरा उपयोग पावसाळ्यात कळतो. बॉइस बॅलट या डच शास्त्रज्ञाचा 1857 चा नियम आहे : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाब डाव्या हाताला असतो. बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे क्षेत्र ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकत येते तेव्हा भद्रावतीत हा नियम लावून पाहावा. पूर्वेचा वारा असेल तर केंद्र दक्षिणेला, तेलंगणाच्या अंगाला. वायव्येचा सुटला तर केंद्र ईशान्येला आणि आपण त्याच्या नैर्ऋत्य भागात. मान्सूनमधल्या अशा क्षेत्राचा सर्वांत जोराचा पाऊस बहुतेकदा याच भागात पडतो. म्हणजे ऑगस्टमध्ये वायव्य वारा धरून राहिला की वर्धा आणि इरई नद्यांच्या काठच्यांनी सावध व्हावे. मात्र झाडाची पाने पाहू नयेत, खालचे ढग कुठून सरकतात ते पाहावे. जमिनीलगतचा वारा घर्षणाने वाकडा होतो.

वणव्यात दिशा जिवावर बेतते. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आमच्या जंगलांचा आगीचा हंगाम. भारतीय वन सर्वेक्षणाची सूचना उपग्रहावरून येते आणि आग कुठे आहे ते सांगते. ती कुठे जाणार हे वारा सांगतो. आग वाऱ्याच्या दिशेने लांबट पसरते, तोंड अरुंद आणि बगला लांब. वनमजूर ब्लोअर घेऊन बगलेने काम करतात, कारण तिथे ज्वाळा ठेंगण्या असतात. पण दुपारी वारा पश्चिमेकडून दक्षिणेकडे फिरला की ती लांब बगलच तोंड होते. त्या दिवशी वेग किती होता याला फारसा अर्थ उरत नाही. अंदाजात दिशा कोणत्या तासाला बदलणार आहे ही एकच गोष्ट सकाळी निघताना पाहायची, आणि ती आज पुष्कळदा मिळते.

फवारणीचेही तसेच. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. कारणे अनेक होती : औषधांची मिश्रणे, डोक्याएवढे वाढलेले कापसाचे पीक, तोंडाला फडके नसणे. पण वाऱ्याची दिशा न पाहता फवारणे हे त्यातले सर्वांत स्वस्तात टाळता येणारे कारण. वारा पाठीशी किंवा बाजूने हवा आणि मंद हवा, ताशी 3 ते 10 किलोमीटर. पूर्ण शांत पहाटही बरी नाही. अशा वेळी गार हवा खाली साचते आणि फवाऱ्याचे बारीक थेंब तिच्यात तरंगत राहतात.

धुराचे गणित याहून अवघड. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथे होते, 83.88 गुणांनी. 2920 मेगावॅटचे औष्णिक केंद्र भद्रावतीच्या आग्नेयेला आहे, माजरीकडच्या खाणी पश्चिमेला. जमिनीवरचा बाण पाहून धुराचा माग काढणारे फसतात, कारण चिमणीच्या तोंडाशी वारा वेगळा असतो. हिवाळ्याच्या रात्री खाली पूर्ण शांतता आणि वर चांगला वाहता वारा, असे सर्रास होते.

अंदाज करणाऱ्यांतही घराणी आहेत. जुने घराणे नकाशावाल्यांचे : समदाबाच्या रेषा काढायच्या, पहाटे आणि सायंकाळी साडेपाचला सोडलेल्या फुग्यांची निरीक्षणे पाहायची आणि अनुभवाने बोलायचे. ‘विदर्भापासून दक्षिणेकडे हवेच्या कमी दाबाचा पट्टा’ हे उन्हाळ्यातले नेहमीचे वाक्य त्यांचे. दुसरे गणितवाल्यांचे. ब्यर्कनेसने 1904 मध्ये कल्पना मांडली, रिचर्डसनने 1922 मध्ये हाताने गणित करून पाहिले आणि ते सपशेल चुकले, 1950 मध्ये एनियाक संगणकाने ते साधले. आज युरोपीय केंद्राचे मॉडेल 9 किलोमीटरच्या चौकटी वापरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली आणि मे 2025 मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम 6 किलोमीटरच्या. सहा किलोमीटरच्या चौकटीत अख्खे भद्रावती शहर, विजासनची टेकडी आणि आजूबाजूची वावरे मावतात, आणि त्या सगळ्यांना एकच आकडा मिळतो. खाणींनी उभे केलेले मातीचे डोंगर, ज्यांना इथे सगळे ओबी म्हणतात, ते तर बहुतेक मॉडेलांच्या नकाशात अजून नसतीलच. तिसरे घराणे शक्यतावाल्यांचे : एकच गणित थोड्याथोड्या फरकाने अनेकदा सोडवायचे आणि उत्तरे किती पांगतात ते पाहायचे. माझ्या मते सामान्य वाचकाला सर्वांत उपयोगी हेच, आणि त्याच्यापर्यंत सर्वांत कमी पोचलेलेही हेच. 2023 पासून कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेले आली. ती झपाट्याने आणि चांगले उत्तर देतात, पण टोकाचे झोत गुळगुळीत करण्याकडे त्यांचा कल दिसतो, तेव्हा वादळाच्या दिवशी एकट्या त्यांच्यावर भिस्त नको.

हे पुस्तक आत्ताच का, असे कोणी विचारेल. दहा वर्षांपूर्वी ते लिहिण्यात अर्थ नव्हता, कारण तुलना करायला गावाजवळचे निरीक्षणच नव्हते. 2017 पासून महावेध प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. ती पावसाबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशाही नोंदतात. विजेसाठी दामिनी, शेतीसाठी मेघदूत, सर्वसाधारण अंदाजासाठी मौसम ही सरकारी अॅप्स फुकट आहेत. माहिती खिशात आली आहे. ती वाचायला शिकवणारे मराठी पुस्तक नव्हते.

आमचा प्रयत्न मर्यादित आहे. इथे वाचक स्वतः भाकीतकार होणार नाही, आणि पवनऊर्जा किंवा चक्रीवादळे हे विषय आम्ही मुद्दाम सोडले आहेत. भद्रावतीला समुद्र नाही आणि पवनचक्क्याही नाहीत. प्रकरणांचा क्रम शास्त्राप्रमाणे न लावता इथल्या वर्षाप्रमाणे लावला आहे, मोहाच्या फुलांपासून धानाच्या कापणीपर्यंत. समीकरणे शेवटी टाकली आहेत. ज्यांना नको त्यांनी खुशाल सोडावीत. प्रत्येक भागानंतर कोरी पाने ठेवली आहेत. त्यांवर तारीख, वेळ, अंदाजातले तीन आकडे आणि प्रत्यक्षात फांद्यांनी, धुळीने, धुराने काय दाखवले ते लिहायचे. एका हंगामाच्या नोंदीनंतर आपल्या अंगणासाठी अंदाज कितीने कमी-जास्त करायचा हे ज्याचे त्याला कळते, आणि हे काम नागपूर, पुणे किंवा दिल्लीत बसून दुसरा कोणी करू शकत नाही.

वनरक्षक, सहायक कृषी अधिकारी आणि तेंदूच्या फळीवरच्या मंडळींनी उन्हाळ्याचा भाग फेब्रुवारीच्या आत वाचावा. बाकीच्यांना कुठूनही सुरुवात करता येईल. झोताचे प्रकरण मात्र छप्पर शाकारण्यापूर्वी वाचा, नंतर नको.